सासूबाईंचा जबाब

तपासनीस आला तेव्हा सून सासूबाईंचे केस विंचरत होती. घंटा वाजली तशी तिनं फणी केसांतच अडकवून ठेवली आणि दार उघडलं. दारात एक तरुण माणूस उभा होता, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. न कळवता येऊ, असं कार्यालयानं महिन्यापूर्वी कळवलंच होतं.

सून परदेशातली. लग्नाला चार वर्षं झाली तरी इथे कायमचं राहायचा परवाना अजून हातात आला नव्हता. लग्न खरं आहे की नुसतं परवान्यासाठी केलंय, एवढंच या माणसाला ठरवायचं होतं. त्याचा अहवाल उलटा गेला, की तीस दिवसांत सामान आवरून तिनं आपल्या देशात परतायचं. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी लिफ्ट दुरुस्त करत होता. असली माणसं नेमकी नवरा घरात नसतानाच येतात.

तपासनीस तसा वाईट नव्हता. पाय पुसून आत आला, पाणी नको म्हणाला, घर बघू का असं विचारून मगच फिरला. झोपायच्या खोलीत मोठा पलंग होता. अर्ध्या भागावर चुरगळलेली चादर आणि एक उशी, उरलेल्या अर्ध्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. कपाटात सगळे पुरुषाचे कपडे. सुनेचे कपडे त्याला सासूबाईंच्या खोलीत सापडले, औषधांच्या खालच्या कप्प्यात. सासूबाईंच्या खाटेला खेटून एक घडीची खाट उभी केलेली होती.

"ही कुणाची?"

सुनेनं तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू नेली होती, जीभ मात्र शाबूत ठेवली होती.

"माझ्या सुनेची. चौदा महिने झाले, माझ्या शेजारी झोपते. दर दोन तासांनी उठून माझी कूस बदलते. पाठीवर एक जखम दाखवा बघू!"

"रोज इथेच झोपतात?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी तरी..."

"दुखण्याला कसली आलीय सुट्टी?"

"आई, जरा थांबा," सून म्हणाली. हे प्रश्न कुठे चाललेत ते तिला दिसत होतं.

"तू गप्प गं. हिला स्वतःबद्दल चार शब्द बोलता येत नाहीत साहेब, म्हणून तर सगळं घोडं अडलंय. तुम्ही लिहून घ्या. पोटची पोर करणार नाही एवढं करते ही माझं." सासूबाईंना वर्षभरात इतकं मन लावून ऐकणारा माणूस भेटला नव्हता. त्या सुटल्याच. "माझा मुलगा बिचारा तिकडे एकटाच घोरत पडतो. मी त्याला म्हणते, बायको कागदावर तुझी, पण आहे माझी!" आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसल्या.

तपासनिसानं तेही लिहून घेतलं.

"साहेब, हे आजारपणामुळे आहे," सून म्हणाली. "त्याआधी आम्ही..." पुढचे शब्द येईनात. याच भाषेत ती डॉक्टरांशी हुज्जत घालायची, औषधवाल्याला फैलावर घ्यायची. पण आपण नवऱ्याजवळ झोपायचो, अजून झोपावंसं वाटतं, हे सासूसमोर परक्या पुरुषाला कसं सांगायचं? तिचे कान लाल झाले आणि ती खाली बघत राहिली.

तपासनिसानं जबाब वाचून दाखवला. अर्जदार रोज रात्री रुग्णाच्या खोलीत झोपते. दिवसभर रुग्णाची काळजी घेते.

"मनापासून घेते, असं लिहा," सासूबाई म्हणाल्या. मग डाव्या हातात पेन धरून, जीभ दातांत पकडून, त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली.

दारापाशी सून हळूच म्हणाली, "आमचं लग्न खरं आहे हो."

"ताई, मला पटतंय," तपासनीस म्हणाला. "पण वरचे लोक घर बघायला येत नाहीत. ते माझा कागद बघतात." जिना उतरताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही.

तिनं तिथेच उभ्या उभ्या नवऱ्याला फोन लावला.

"येऊन गेला."

"मग? तू नीट बोललीस ना?"

"आई बोलल्या."

"काय बोलल्या?"

"माझं कौतुक केलं. खूप."

पलीकडून हत्यारं पेटीत टाकल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी हातोडा मारत होतं. "येतो मी," एवढंच नवरा म्हणाला.

आत सासूबाई खुशीत होत्या. "कसा मान डोलवत लिहीत होता बघितलंस? आता तुझं काम झालंच समज. मी बरोबर बोलले ना गं?"

"छान बोललात, आई."

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून जास्तच रडू आलं. ते गिळून तिनं राहिलेले केस विंचरले, वेणी घातली, उशी सारखी केली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीस दिवस मोजले आणि खाटेपासून दोन पावलं मागे सरकून ती उभी राहिली.

"उठा, आई."

"अगं, हात दे की."

"नाही. डाव्या हातानं खाटेची कड धरा आणि स्वतः उठा."

"आज हे काय नवीन काढलंस?" कुरकुरत सासूबाईंनी कड धरली. अर्ध्यापर्यंत आल्या, हात थरथरला आणि त्या धप्पकन मागे पडल्या. "बघ! म्हटलं होतं ना? एवढी कसली घाई झालीय तुला?"

सुनेनं दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

"परत," ती म्हणाली.