मैलभर खाली

रविवारची गर्दी उतरली की सोमवारी आम्ही उद्यानाचे रक्षक जाळी घेऊन झऱ्यात उतरतो. आज पहिल्याच फेरीला फुगलेला डायपर वर आला. काठावरच्या बाकावर बसलेल्या विल्बर्नकाकांनी नाक धरलं.

“शी. हल्लीच्या लोकांना लाज म्हणून नाही. आमच्या लहानपणी हे पाणी काचेसारखं होतं. बाहेरचं कुणी यायचं नाही. ओंजळीनं प्यायचो आम्ही.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला व्हर्लीनमावशी उकडलेल्या शेंगा सोलत होत्या.

“बाई, तुम्हीही इथल्याच ना? आठवत असेल की तुम्हाला.”

“इथलीच. पण तेव्हा या काठावर फक्त तुम्हा गोऱ्यांना उतरू द्यायचे. आम्ही काळी माणसं मैलभर खाली पोहायचो, हा झरा वाहत जातो तिथं.”

“अहो, पण पाणी तर तेच ना?”

मावशींनी माझ्या जाळीकडे पाहिलं.

“तेच. तुमच्याकडचे लंगोट तेव्हा कापडी असायचे. माझी आई ते काठीनं बाजूला सारायची आणि मग आम्हाला पाण्यात सोडायची.”