भिंतीवरचा डबा

भिंतीवर डबा वाजला, तशी तापाने फणफणलेली नूरबानू अंथरुणातच वैतागली.

चूक तिचीच होती. जे आपल्याला हवं ते शेजाऱ्यालाही मिळावं, त्याशिवाय ईमान पुरं होत नाही, ही अब्बांची शिकवण तिनेच शेजारच्या केतकरभाऊंना ऐकवली होती. तेव्हापासून तिच्याकडे बिर्याणीचा वास सुटला, की हे पक्के शाकाहारी गृहस्थ परसातल्या भिंतीवर रिकामा डबा वाजवून आपला वाटा मागायचे. मग त्यांच्यासाठी वेगळी फिरनी करावी लागे.

“आज कसला वास आला तुम्हाला?” ती परसात जाऊन खेकसली. “चूलसुद्धा पेटवली नाही मी!”

“नाहीच आला. म्हणून तर आलो.” भिंतीवरून भरलेला डबा पुढे झाला, आत वाफाळता मऊ भात. “ईमान काय फक्त तुमचंच पुरं व्हायचं, भाभी?”