शेवटच्या घराचं दार

"ही कॅसेट तू केलीस?"

बिराजदार सरांनी टेबलावर पिवळी कॅसेट ठेवली. टीव्हीवर खेळायच्या जुन्या गेमची, तळहाताएवढी. अमरनाथने ती ओळखली आणि मान डोलावली. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले.

सिद्रामप्पा सकाळची एसटी धरून मुखेडहून आले होते, किराणा दुकानाला कुलूप लावून. दुकान बंद राहिलं ते भूकंपानंतर आजच, असं एसटीत शेजारी बसेल त्याला ते सांगत आले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झालेल्या त्या भूकंपाला आता वीस वर्षं होत आली होती. सरांनी बोलावलं म्हणजे पोराचं नाव क्लासमधून कमी होणार, एवढं त्यांना कळत होतं. पोराला डॉक्टर करायचं म्हणून अख्खं घर कामाला लागलेलं, आणि हा असले दिवे लावून बसला.

लातुरात क्लासचे मास्तर म्हणजे देव, आणि भौतिकशास्त्राचे बिराजदार सर त्यातले कडक देव. त्यांच्यासमोर नुसतं खोकायचीही चोरी. दिवाळीतही जादा तास घ्यायचे. सुट्टी काय ती गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मिरवणुकीत नाचून सरांचेही पाय दुखत असणार, असं पोरं आपसांत म्हणायची.

मोबाईल क्लासमध्ये जमा करावे लागत. म्हणून पोरांनी कॉट बेसिसच्या खोल्यांत आपल्या जन्माआधीचे टीव्ही गेम शोधून आणले होते. सापडला की सर तो उचलून न्यायचे, बोलायचे काही नाही. पण या कॅसेटसाठी त्यांनी थेट बापाला बोलावलं होतं.

"कोणता खेळ आहे हा?"

"'गाव' म्हणतात सर. मशीन जुनं हाय, पण खेळ नवा. गंजगोलाईत एका दुकानात मिळतो. कुणी बनवला, दुकानदारालाबी म्हाईत न्हाई. जमीन हलायच्या आत घराघरांत शिरून माणसं भाईर काढायची, असा हाय."

"पुढे?"

"शेवटच्या घरात म्हातारी ऱ्हाती. तिच्या दाराशी गेलं की खेळ अडकतो. सगळ्यांचाच अडकतो. मग बटणच बंद करावं लागतं. बनवणाऱ्याला पोरं लई शिव्या देतात सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "या कॅसेटमध्ये तो अडकत नाही, असं ऐकतो."

"न्हाई अडकत. मी नीट केला."

सिद्रामप्पांनी कोपरानं ढोसलं. पण पोरगं आता रंगात आलं होतं, आणि रंगात आलेल्या पोराला ढोसून काही उपयोग नसतो.

"मामा नांदेडला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये हायत. त्यांच्याकडं चिपमधला प्रोग्राम उतरवून बघितला. दारापाशी तो जागच्या जागी फिरत राहिलता. आधी वाटलं, चूक हाय. पण चूक नव्हती सर. पुढचं कुणी लिहिलंच नव्हतं. आन् म्हातारी चालताना कशी दिसंल, ती चित्रं मात्र चिपमधी होती! डोक्यावर पदर, हातात काठी. काढून ठेवलेली, पण कुठंच वापरली नव्हती."

"मग?"

"मग मी दार उघडलं. जुनी चिप आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवून कोरी केली, मामाकडं नेऊन पुन्हा भरली."

"सर, पोरगं हाय, पदरात घ्या," सिद्रामप्पा हात जोडून म्हणाले. त्यांना तिथंच थांबायचं होतं, पण राहवलं नाही. "चिप उन्हात ठेवली की कोरी होती, हे मला तरी आजच कळलं बघा."

सर त्यांच्याकडं वळलेच नाहीत. "माफी मागणार आहेस का?" त्यांनी अमरनाथला विचारलं.

"अभ्यास बुडाला, त्याची मागतो. ह्याची न्हाई सर. ज्यानं कुणी केलं त्यानं गाव लई झकास केलंय. प्रत्येक घर निराळं हाय. आन् एवढं करून शेवटचं घर तसंच सोडायचं? मी ते पुरं केलं." बोलताना त्याची मान ताठ होती. बापाला भीती वाटली आणि अभिमानही, दोन्ही एकदमच.

सर उठले आणि दोघांना आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथं एक जुना टीव्ही होता. कपाटातून मशीन काढून त्यांनी वायरी जोडल्या. नक्की कोणती कुठं, हे बघावंही लागलं नाही.

"खेळून दाखव."

अमरनाथ खेळायला बसला. पडद्यावरचा मुलगा गल्लीतून पळाला, त्यानं दारं वाजवली, माणसं माळावर आणली. मग तो शेवटच्या घराशी आला. दार उघडलं. म्हातारी काठी टेकत उंबऱ्यावर आली, क्षणभर थांबली आणि हळूहळू माळावर जाऊन बसली. मग गाव कोसळलं. माळावर सगळे सुखरूप होते.

"शाब्बास रे वाघा!" सिद्रामप्पांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

"पुन्हा," सर म्हणाले.

अमरनाथने पुन्हा पहिल्यापासून खेळून दाखवलं. या वेळी म्हातारी उंबऱ्यावर आली तेव्हा सर टीव्हीच्या अगदी जवळ गेले. त्यांची नजर पडद्यावरून हटेना. मग ते बोलले, पण वर्गातल्या मराठीत नव्हे.

"समदं गाव मी काढलं रं भाईर, एकेक घर आठवून आठवून. आईच्या दाराशी आलो की हातच चालायचा न्हाई माझा. तू काढलीस तिला."