गल्लीच्या मधून गेलेली हद्द

मुलांनो, डोळे मिटा आणि एक अरुंद गल्ली मनात आणा. अलीकडे आमचं घर, पलीकडे आत्याचं. दर निवडणुकीला बाबा आणि आत्या मतदानाला एकत्र जात आणि वाटभर भांडत, कारण दोघांचे उमेदवार कायम वेगळे. भांडताना बाबा छत्री मात्र तिच्याच डोक्यावर धरत. परतताना आत्या म्हणायची, “दादा, तुझं मत फुकट घालवलं बघ मी!” मग एका वर्षी मतदारसंघाची नवी हद्द नेमकी आमच्या गल्लीच्या मधून गेली. आता दोघांची केंद्रं दोन दिशांना, उमेदवारांची यादीही निराळी. मतदानाच्या दिवशी बाबा एकटेच गेले. आत्या पायरीवरच बसून राहिली. मला म्हणाली, “भांडायला कोणी नाही गं. नाही जायची मी.” मी तिला हात धरून उठवलं आणि वाटेला लागताच म्हटलं, “आत्या, तुझा उमेदवार यंदा सपशेल आपटणार हं!”