पुढचा शाफ्ट

सरितानं जीपचा छोटा लिव्हर मागं ओढला. समोर हिरवा दिवा लागला. म्हणजे आता चारही चाकांनी ओढायला पाहिजे होतं. तिनं रेस दिली. मागची चाकं गरगर फिरली, काळ्या चिखलाचे गोळे उडाले आणि गाडी आणखी खाली बसली. खिडकीतून डोकं बाहेर काढून तिनं पाहिलं. पुढचं चाक जागचं हललंसुद्धा नव्हतं.

मागच्या सीटवर तिची सासू, रुक्माबाई, उशीला टेकून बसल्या होत्या. एरवी खड्डा आला की कण्हणाऱ्या, हॉर्न वाजला की कपाळाला आठी घालणाऱ्या रुक्माबाई आज गप्प होत्या.

साखऱ्याच्या शिवारातल्या त्यांच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरावरून, डांबरी सडक गाठायची तर ही एकच वाट, आणि पावसाची झड लागली की तिचा असा चिखल व्हायचा. म्हणून तर तिच्या नवऱ्यानं, प्रमोदनं, पुण्याहून ही जुनी जीप घेऊन पाठवली होती. ती चालवायला सरिताच शिकली. दुसरं होतंच कोण? आठवड्यातून दोनदा सासूला हिंगोलीला डायलिसिसला न्यायचं, बाहेरच्या बाकड्यावर दिवस काढायचा, परत येऊन चुलीशी बसायचं. दुसरं वर्ष चालू होतं. आपण थकलो, हे कितीदा तिच्या ओठांवर आलं आणि तसंच परत गेलं. सांगायचं तरी कुणाला?

मागच्या पावसाळ्यात हीच गाडी याच चिखलातून म्हशीसारखी डुलत निघायची. आज काय झालं तिला?

तिनं सेनगावच्या प्रेमदास मिस्त्रीला फोन लावला.

"निघंल कशी ताई?" तो म्हणाला. "पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून ठेवलाय ना. सर्व्हिसिंगला आल्या तवा तुमी बाजारात गेल्या व्हत्या. मावशी म्हणल्या, त्याचा लई आवाज होऊन राहिला, काढून ठेव. म्या सांगितलं, मावशी, दिवा लागंल, पण पुढची चाकं वढणार न्हाईत. गाडी फसंल. तर म्हणल्या, फसू दे. मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय."

सरितानं फोन खाली ठेवला. मागं वळायला तिला थोडा वेळ लागला.

"आत्याबाई, मागच्या बारीला डायलिसिसची एकच खेप चुकली तर छातीत पाणी झालं व्हतं. ठाऊक हाय न तुमाला?"

"हाय."

"मंग काहून केलं असं?"

रुक्माबाईंनी डाव्या हातावर पदर ओढला. सुया टोचून टोचून त्या हातावर गाठी आल्या होत्या.

"दमले मी, सरिता."

"तर सांगायचं. येत न्हाई म्हणायचं."

"तू ऐकलं असतं?"

सरिताची नजर त्या पदराखालच्या गाठींवर गेली.

"अन् ऐकलं असतं तर?" रुक्माबाईंना धाप लागली होती. त्या थांबत थांबत बोलत होत्या. "पम्या म्हणला असता, नेलं काहून न्हाई. लोक म्हणले असते, सुनंनं सासूला मारलं. जलमभर ऐकावं लागलं असतं तुला. गाडीच फसली म्हणल्यावर कोण बोल लावतंय?"

टपावर पाऊस वाजत राहिला. इतके दिवस सरितानं सासूचा हा चेहरा फक्त गाडीतल्या आरशात पाहिला होता, आता काय कुरकुर करतील या धास्तीनं. आज ती वळून बघत होती. तिला राग यायला पाहिजे होता. तो येईना.

तेवढ्यात गाडी फसलेली बघून शेजारच्या हळदीच्या रानातला भागवत ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं दोर काढला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"वहिनी, कुणीकडं वढू? सडकंकडं का आखाड्याकडं?"

सडकंकडं, हा शब्द सरिताच्या तोंडात तयार होता. तिनं तो गिळला. ती खाली उतरली, घोटाभर चिखलातून मागच्या दाराशी गेली, दार उघडलं आणि रुक्माबाईंचा तो गाठींचा हात हातात घेतला.

"तुमी सांगा, आत्याबाई. कुणीकडं?"

रुक्माबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "मला इचारून राहिली?"

"व्हय."

"घरी जाऊ," त्या म्हणाल्या. "लई झोप येऊन राहिली."

सरितानं हात सोडला नाही. ती भागवतला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मागं घ्या, दादा. आखाड्याकडं."

भागवत वाकून गाठ आवळत होता. "काळजी करू नका वहिनी. प्रमोदचा फोन आला तर मीच सांगतो, गाडी फसली व्हती म्हणून."

"नका सांगू तसं," सरिता म्हणाली. "गाडी निघाली व्हती. आमीच गेलो न्हाई."