कथासंग्रह आणलाच कशाला?

"ह्ये काय आणलंय?" आक्काताईनं पुस्तक खाटेवर आपटलं. "मी कादंबरी आणा म्हटलंतं. जाडजूड. ह्यात नुसत्या बारक्या बारक्या गोष्टी हायत!"

"वाच की. चांगलं हाय म्हणत्यात," तिचा नवरा केरबा म्हणाला.

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. टाके चिघळले म्हणून तिला दवाखान्यातच ठेवलं होतं. शिवाजी पेठेतल्या आपल्या पिठाच्या गिरणीत बसून आक्काताईनं तीस वर्षं कादंबऱ्याच वाचल्या होत्या. वाचनालयात परत गेलेल्या पुस्तकांतून पीठ गळायचं. रोज जेवताना ती केरबाला पुढचा भाग सांगायची. एक कादंबरी दोघांना महिनाभर पुरायची.

रागारागानंच तिनं पहिली गोष्ट वाचली. मग दुसरी. चौथीला ती इतकी हसली की टाके ओढले. हे पुस्तक आपल्याला आवडतंय, याचाही तिला राग आला.

दुपारी तिनं केरबाला पाचवी गोष्ट सांगितली. शेवट ऐकून त्यानं डोळे पुसले.

"एवढं रडण्यासारखं काय हाय त्यात?"

"काय न्हाय. अजून एक सांग."

आक्काताईनं पुस्तक मिटलं. सकाळी व्हरांड्यात तो डॉक्टरांशी कितीतरी वेळ बोलत उभा होता. तेव्हापासून त्यानं तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

"खरं सांगा!" ती ओरडली. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. "माझ्यानं कादंबरी संपायची न्हाय, असं म्हणाला न्हवं डॉक्टर? म्हणून ह्यो बारका माल आणलासा! मला काय दूधखुळी समजलासा?"

केरबा उठला. थर्मास उचलून चहा आणायला गेला.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले.

"डॉक्टर, माझं किती दिवस राहिल्यात? लपवू नगासा. सकाळी ह्यांच्याशी काय बोलत हुतासा, मला सगळं कळलंय."

"तुमचे दिवस?" डॉक्टर गोंधळले. "टाके सुकलेत. उद्या घरी सोडतोय तुम्हाला."

"मग सकाळी..."

डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणजे केरबांनी स्वतःचा रिपोर्ट तुम्हाला अजून दाखवलाच नाही?"