शाहिराच्या वहाणा

“बाबा, उद्या चिखलीले याल ना?”

अश्वजितनं बुटाची नाडी बांधता बांधता, मान खाली घालूनच विचारलं. बापाच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नव्हती. बाजेवर बसलेले शाहीर इंद्रभान अंगणातल्या लिंबाकडे पाहत राहिले.

“येतील,” चुलीपासून आई कलाबाईनं उत्तर दिलं. फोनवरही सात वर्षं तिचाच आवाज असायचा. बाबा फोन हातात घेतच नसत.

रागच तसा होता. इंद्रभानची जलसा पार्टी धाड या त्यांच्या गावापासून रोहिणखेडपर्यंत नावाजलेली, आणि अश्वजित तिचा वारस. पण पोरगा पुण्याला गेला, तिथल्या वस्तीतल्या पोरांसोबत रॅप करू लागला, आणि त्याच वर्षी बापानं गाणं सोडलं. डफ खुंटीला टांगला तो टांगलाच. पोरानं बापाचा गळा बंद केला, असा निकाल गावानं देऊन टाकला. गावाला निकाल द्यायला कोर्ट लागत नाही. अश्वजितनंही तो मुकाट्यानं मान्य केला होता, आणि तो त्याला आतून खात होता.

म्हणून तर आपलं नवं नाटक त्यानं पुण्याहून इकडे चिखलीला आणलं. पत्र्याच्या खोल्या, टँकरपुढची भांडणं, पोलिसांनी उगाच उचललेली पोरं, सगळं रॅपमध्ये. पुण्यात टाळ्या मिळाल्या होत्या. पण त्याला धाडच्या एका माणसाचे पाय पाहायचे होते.

हो, पायच. इंद्रभानची जुनी रीत होती. गाणं खरं असलं तर ते वहाणा काढून ऐकत. नुसता गोंगाट असला तर वहाणा पायातच राहत. त्यामुळे लोक त्यांच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत. गेल्या सात वर्षांत मात्र त्यांनी कुणासाठीच वहाणा काढल्या नव्हत्या. जयंतीला त्यांच्याच पार्टीतला धम्मरत्न एवढा जीव तोडून गायला, त्याच्यासाठीही नाही. म्हातारा माजला, असं लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलीचं सभागृह भरलं. शाहिराचा मान म्हणून इंद्रभानची खुर्ची रंगमंचावरच, कडेला ठेवली होती. कलाबाईनं ती मोठ्या स्पीकरला खेटून सरकवायला लावली.

“माय, कान फुटतील त्यायचे!” अश्वजित म्हणाला.

“फुटू दे. तिथंच बसव.”

नाटक सुरू झालं. अश्वजित गात होता आणि त्याची नजर खुर्चीखाली होती. पहिलं गाणं संपलं. वहाणा पायात. दुसरं संपलं. वहाणा पायातच.

तिसरं गाणं त्यानं बापावरच लिहिलं होतं. त्यासाठी डफाचा ठेका घेऊन पोरांनी तो यंत्रावर जाड, खोल केला होता. ठेका सुरू झाला तशा रंगमंचाच्या फळ्या थरथरल्या. इंद्रभान दचकले. वाकले. एक वहाण काढली, मग दुसरी. उघडे तळवे फळ्यांवर टेकवले. अंगठा ठेका धरू लागला, बिनचूक.

अश्वजित ओळच विसरला. सोबतच्या हर्षलनं ती सावरून घेतली.

पडदा पडताच तो धावला आणि त्या उघड्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. सात वर्षांचं ओझं आज उतरणार होतं.

“बाबा, माफ करा. माह्यापायी तुमचं गाणं सुटलं.”

डोकं पायांवरच ठेवून त्यानं पुन्हा विचारलं, “बाबा, आतातरी माफ केलं ना?”

कलाबाईनं त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला.

“तोंड वर करून बोल, बापा. ओठ दिसले नाही तर त्यायले कसं समजीन? कान गेल्याचं कोनाले सांगू दिलं नाही त्यायनं.”

इंद्रभानचे डोळे वाहत होते. तळवे अजून फळ्यांवरच होते.

“सात वर्सांनी गानं आयकलं रे,” ते म्हणाले. “पायानं का होयेना, पन आयकलं.”